कुपीवरचं नाव

औषधनिर्माण अधिकारी म्हणून माझी सगळी नोकरी बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या आरोग्य केंद्रांत गेली, आणि निवृत्तीनंतर मी सुलतानपुरातच राहिले. लोणार तालुक्यातलं हे गाव मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सोयाबीन, तूर, कपाशीचा मुलूख; थोडं दक्षिणेला गेलं की मराठवाडा लागतो. लस इथे सगळ्यात शेवटी पोचते. पुण्याहून किंवा मुंबईहून अकोल्याच्या विभागीय भांडारात, तिथून बुलडाण्याला, मग तालुक्याला, मग आमच्यासारख्यांच्या आयएलआरमध्ये, म्हणजे दोन ते आठ अंशांत लस राखणाऱ्या त्या पेटीवजा फ्रीजमध्ये.

लसीच्या साठा नोंदवहीत रकाने ठरलेले असतात: तारीख, लसीचं नाव, उत्पादक, बॅच नंबर, मुदत, आलेले डोस, गेलेले डोस, शिल्लक. नवी पोरं 'उत्पादक' हा रकाना घाईने भरतात. मी तो नेहमी कुपी हातात घेऊन, लेबल वाचून भरला. गोवराच्या लसीवर पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचं नाव, पोलिओच्या थेंबांवर बहुतेकदा परळच्या हाफकिनचं, बीसीजीवर मद्रासच्या गिंडीचं. वर्षं गेली तशी त्या रकान्यातली काही नावं दिसेनाशी झाली आणि मोजकी दोन-चार उरली. २०२१च्या मे महिन्यात, कोविडच्या साथीत, सगळं राज्य एकच प्रश्न विचारत होतं, की लस कोणाकडून घ्यायची? त्या वेळी मला हा रकाना आठवत होता. साथ दारात आल्यावर पुरवठादार निवडायला बसलेल्याला खरी निवड उरलेलीच नसते. ती निवड तीस-चाळीस वर्षं आधी, साथ नसताना, कोणाच्या लक्षातही न येता होऊन गेलेली असते. महाराष्ट्राच्या बाबतीत ती कशी होत गेली, हे मला सांगायचं आहे.

सुरुवात देवीच्या लसीपासून करावी लागते. १८०२ साली ही लस बगदाद आणि बसऱ्यामार्गे मुंबईत आली, आणि १४ जूनला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती पहिल्यांदा 'लागली'. तिच्या फोडातल्या लशीतून पाच मुलांना, त्यांच्यापासून पुढच्यांना, असं करत ती पुण्याला, सुरतेला, हैदराबादला, मद्रासला गेली. कारखाना नव्हता, बर्फ नव्हता. लस टिकवायची तर ती दर आठवड्याला एका लेकराच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर न्यावी लागे. म्हणजे त्या काळी पुरवठादार कोण, तर आठ दिवसांपूर्वी टोचलेलं मूल. त्या मुलाच्या आईला आपल्या लेकराचा फोड फोडून द्यायला सांगायचं, आणि घेणाऱ्याने विचारायचं की हे मूल कोणाचं, कोणत्या जातीचं, त्याला आणखी काही रोग तर नाही ना. शेवटची शंका तर अगदी रास्त होती. दंडावरून दंडावर जाताना दुसरे रोगही जात, हे डॉक्टरांनाही मान्य होतं. म्हणूनच पुढे वासराच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत आली; मुंबईत ती १८६९मध्ये सुरू झाली. 'हे कोणाकडून आलं?' असं विचारणाऱ्या आईबापांना अडाणी ठरवून त्या काळचे कागद भरले आहेत. मला तसं वाटत नाही. सुई टोचून घेणाऱ्याने विचारायचा तोच पहिला प्रश्न आहे.

आमचा भाग तेव्हा वऱ्हाडात मोडे. १८५३च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला होता, नावाची मालकी निजामाची राहिली होती. काही काळ मेहकर हेच जिल्ह्याचं ठिकाण होतं. १८६७मध्ये ते बुलडाण्याला गेलं. दक्षिणेला थेट हैदराबाद संस्थान, तिथलं खातं वेगळं, तिथला बंदोबस्त वेगळा. साथीला मात्र सरहद्द नव्हती. बाजाराची माणसं, बैलगाड्या आणि धान्याची पोती रोज इकडून तिकडे जात.

मग प्लेग आला. २३ सप्टेंबर १८९६ला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागात तो ओळखला. ऑक्टोबरात सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावलं. ओडेसाचा हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकून आलेला, पटकीच्या लसीवर हिंदुस्थानात आधीच काम केलेला. त्यांना जागा मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजात, एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तिथे तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ला ती स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. टोचून घेतलेल्यांत आजारीही कमी पडले आणि मेलंही कोणी नाही.

ती लस कशी बनत होती, हे इथे थांबून सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच निघाला. मोठ्या काचेच्या चंबूत मांसाचा रस्सा. इथल्या लोकांना गाईचं किंवा डुकराचं चालणार नाही म्हणून हाफकिननी बकऱ्याचं मांस वापरलं. त्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडलेले. प्लेगचे जंतू त्या तुपाच्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत. अधूनमधून चंबू हलवायचा, की लोंबणारे धागे तळाशी बसतात आणि वर नवे धरतात. असं जवळजवळ सहा आठवडे. मग उष्णता देऊन जंतू मारायचे, टिकण्यासाठी कार्बोलिक आम्ल घालायचं आणि बाटल्या भरायच्या. आमच्या घराघरांतलं तूप एका जागतिक लसीत होतं, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

सहा आठवडे हा काळ साथीत फार मोठा. आणि त्या मुंबईत हाफकिन एकटे विक्रेते नव्हते, हे आज विसरलं गेलं आहे. १८९७च्या मार्चमध्ये प्लेगचा जंतू शोधणारे अलेक्झांडर येर्सें स्वतःचं रक्तद्रव घेऊन मुंबईत आले. घोड्याला जंतू टोचून त्याच्या रक्तातून काढलेलं औषध. फ्लॉरेन्सचे प्राध्यापक लस्टिग त्यांच्या रक्तद्रवासह आले आणि आर्थर रोडच्या रुग्णालयात डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी ते रुग्णांना देऊन पाहिलं. म्हणजे एकाच शहरात, एकाच रोगावर तीन माल, तीन देशांतून, तिघांचेही दावे मोठे. फरक एवढा की रक्तद्रव हे मुख्यतः रोग झाल्यावर द्यायचं, आणि हाफकिनची लस रोग होण्याआधी. येर्सें यांच्या रक्तद्रवाने मुंबईत फारशी आशा दाखवली नाही; लस्टिग यांच्यावर वाद चालत राहिला. १८९८-९९मध्ये सरकारच्या प्लेग आयोगाने गावोगावचे आकडे तपासून हाफकिनच्या लसीच्या बाजूने कौल दिला, पण दोन गोष्टींवर बोटही ठेवलं. प्रत्येक बाटलीतली ताकद सारखी नाही, आणि निर्मितीची प्रमाणबद्धता सुधारली पाहिजे. लस चांगली आहे, पण कारखाना अजून व्हायचा आहे, असा त्याचा अर्थ. औषधाच्या कोठारात आयुष्य घालवलेल्या मला त्या आयोगाची ही भाषा फार जवळची वाटते.

कारखाना झाला. १८९९च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळा गेली. मागणी येत राहिली. १९०२मध्ये पंजाब सरकारने सगळ्या प्रांताला टोचण्याचं ठरवलं. सहा आठवड्यांच्या पद्धतीने एवढा माल निघणं शक्य नव्हतं, म्हणून परळला आगर वापरून झटपट वाढवण्याची नवी पद्धत घेतली आणि कार्बोलिक आम्ल वगळलं. ३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना टोचलं. त्यांतल्या १९ जणांना एकाच बाटलीतून दिलं होतं, बाटली क्रमांक ५३ एन. त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे मेले.

चौकशी समितीने दोष परळवर ठेवला. हाफकिन निलंबित झाले. नंतर पुढे आलं, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच ओढलं होतं, आणि उघडताना बाटलीला कसलाही वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आधीपासून वाढत असते तर वास आला असता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या मंडळींनी हाफकिनची बाजू लावून धरली आणि १९०७मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. परळला मात्र त्यांना परत घेतलं नाही. १९२५मध्ये संस्थेला त्यांचं नाव दिलं, तोवर या माणसाची उमेद संपली होती. या प्रकरणात मला बाटलीचा क्रमांक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ५३ एन हा क्रमांक कोणीतरी लिहून ठेवला होता म्हणून १९ मृत्यू एका बाटलीपाशी नेता आले आणि त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेले ८८ जण वाचले हे सिद्ध झालं. बॅच नंबर लिहायला कंटाळणाऱ्या पोरांना मी मुल्कोवालची गोष्ट सांगायची.

१८९७पासून १९२५पर्यंत परळहून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. माझ्या सासूबाई त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं सांगायच्या: गाठीच्या रोगात अंगणात उंदीर मेलेला दिसला, की गाव तसंच टाकून माणसं शेतात झोपड्या घालून राहात. टोचणारा आला की अर्धी माणसं झोपड्यांतूनही आणखी पुढे पळत. पण जे टोचून घेत त्यांना एवढं ठाऊक असे, की ही बाटली मुंबईची आहे. १९१८च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, तेही नव्हतं. त्या तापाने मध्य प्रांत आणि वऱ्हाडला देशात सगळ्यात जास्त मार बसलेल्या प्रांतांत आणून ठेवलं. रोग कशाने होतो हेच तेव्हा माहीत नव्हतं. तो विषाणू माणसात सापडला १९३३मध्ये. ज्या साथीत पुरवठादारच नाही ती कशी असते, हे आमच्या मुलखाने तेव्हा पाहिलं.

स्वातंत्र्यानंतर देवीचं उच्चाटन करायला घेतलं तेव्हा पहिली अडचण लसीचीच आली. आमच्या उन्हाळ्यात द्रवरूप लस वाटेतच मरायची. रशियाने गोठवून सुकवलेली लस देशाला भरभरून दिली, आणि तेवढ्या वेळात सरकारने आपले कारखाने उभे केले: पटवाडांगर, गिंडी, हैदराबाद आणि आपलं बेळगाव. बेळगावची लस संस्था विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. दान घेत असतानाच स्वतःचं उभारायचं, हा शहाणपणा त्या पिढीत होता. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५च्या मेमध्ये सापडला. माझ्या सासऱ्यांच्या दंडावरचे दोन गोल वण पाहिले की मला त्यांच्यामागे ते चार कारखाने दिसत.

याच काळात पुण्यात एक गोष्ट घडली. पूनावाला यांच्या घोड्यांच्या फार्मवरून शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे परळच्या हाफकिनला जात. धनुर्वात, सर्पदंश यांवरची रक्तद्रव्यं त्यांच्या रक्तातून बनत. घोडे आपले, तर रक्तद्रव आपणच का करू नये, असा विचार करून सायरस पूनावाला यांनी १९६६मध्ये सिरम इन्स्टिट्यूट काढली. पुढे ती डोसांच्या संख्येत जगातली सगळ्यात मोठी लस कंपनी झाली. या यशाबद्दल मला कौतुकच आहे. त्यांची गोवराची लस मी हजारो लेकरांसाठी काढून दिली आणि गोवराने मरणारी मुलं माझ्या डोळ्यांदेखत कमी झाली. पण त्याच काळात परळला काय झालं तेही पाहिलं पाहिजे. १९७५मध्ये हाफकिनचा निर्मिती विभाग वेगळा काढून राज्य सरकारचं जीव-औषध निर्माण महामंडळ केलं. पोलिओचे थेंब तिथून देशभर गेले. १९९५पासूनच्या पल्स पोलिओत त्यांचा वाटा फार मोठा आहे. तरी त्या थेंबांचं मूळ द्रावण बाहेरच्या देशांतून यायचं. परळला ते पातळ करून, तपासून, कुप्यांत भरलं जायचं. आपल्या कारखान्यात मूळ लस वाढवण्याची ताकद पुन्हा उभी करायला सरकारकडे कधी पैसा नव्हता, कधी मन नव्हतं.

२००८च्या जानेवारीत केंद्राने आपल्याच तीन संस्थांचे परवाने स्थगित केले: कसौली, कुन्नूर आणि गिंडी. कारण दिलं की तिथली निर्मिती आधुनिक निकषांत बसत नाही. निकष हवेतच, मुल्कोवाल आठवणारी मी निकषांविरुद्ध कशी बोलेन? पण घर गळतं म्हणून कौलं बदलतात, राहत्यांना बाहेर काढून कुलूप लावत नाहीत. लसीकरण कार्यक्रमाला लागणाऱ्या लसींचा मोठा वाटा त्या तीन संस्था देत होत्या. दोन वर्षांनी परवाने परत मिळाले, तोवर माझ्या नोंदवहीतली गिंडी-कुन्नूरची जागा खाजगी कंपन्यांनी घेतली होती. कोणाकडून घ्यायचं, याची निवड त्या दोन वर्षांत झाली. वर्तमानपत्रांत तेव्हा तिच्यावर चार ओळी आल्या असतील.

आता २०२१. १६ जानेवारीला कोविडचं लसीकरण सुरू झालं. पहिल्या खेपेत राज्याला ९ लाख ६३ हजार डोस मिळाले, बुलडाणा जिल्ह्याला १९ हजार. मार्च-एप्रिलपर्यंत काम शिस्तीत चाललं. पहाटे उठून आइस पॅक बाहेर काढायचे, सावलीत ठेवायचे आणि हलवून कानाशी धरायचे. आत पाणी खळखळलं की मगच कॅरियरमध्ये लावायचे, नाहीतर लस गोठते. कोविशिल्डची कुपी दहा डोसांची, कोव्हॅक्सिनची वीस डोसांची. उघडली की चार तासांत संपवायची. वीस माणसं जमेपर्यंत कोव्हॅक्सिन उघडायचं नाही, आणि वीस माणसांची नावं घेऊन वाट पाहताना पंधरावा माणूस उठून शेतावर निघून जायचा. कोविशिल्डच्या कुपीतून हात बसलेली सिस्टर अकरावा डोस काढायची, आणि तो निघाला की आम्हाला खरोखर आनंद व्हायचा. एक आजी पिशवीत घडी करून ठेवलेला कागद दाखवून विचारायच्या, "ताई, मले मांगं कोनती देली व्हती? तेच द्या, दुसरी नोको." तीच द्यायची होती, पण त्यांची कोव्हॅक्सिन महिना उलटूनही आली नव्हती.

कारण वर, मुंबईत आणि दिल्लीत, वेगळाच खेळ सुरू झाला होता. एप्रिलमध्ये केंद्राने ठरवलं, की १ मेपासून १८ ते ४४ वयाच्यांसाठी लस राज्यांनी आणि खाजगी रुग्णालयांनी स्वतः विकत घ्यावी. केंद्र डोसाला १५० रुपये देत होतं. सिरमने राज्यांना ४०० रुपये भाव सांगितला, आठवड्यात तो ३०० केला. भारत बायोटेकने ६०० सांगून ४०० केला; खाजगी रुग्णालयांना अनुक्रमे ६०० आणि १२००. एकच कुपी, एकच कारखाना, तीन गिऱ्हाइकं, तीन भाव. राज्य सरकारने हिशेब मांडला: या वयाचे ५ कोटी ७१ लाख लोक, १२ कोटी डोस, साडेसहा हजार कोटी रुपये. एकरकमी चेक द्यायची तयारी आहे, असं मुख्यमंत्री उद्धव ठाकरे जाहीरपणे सांगत होते. चेक घ्यायलाच कोणी मोकळं नव्हतं. सिरमचा २० मेपर्यंतचा माल केंद्रासाठी राखलेला असल्याचं आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तरुणांसाठी घेतलेले कोव्हॅक्सिनचे पावणेतीन लाख डोस ४५ वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोसासाठी वळवले गेले आणि तरुणांचं लसीकरण थांबलं. तो निर्णय बरोबर होता. आमच्या आजीला तिची कोव्हॅक्सिन त्याच निर्णयाने मिळाली.

राज्यांनी लस विकत घेण्याची सवयच मोडलेली होती, हे फार थोड्यांनी सांगितलं. १९८५मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाल्यापासून त्यातल्या लसी केंद्र घेतं आणि राज्यांना पोचवतं. पस्तीस वर्षं ज्याने बाजारात पाऊल टाकलं नाही, त्याला ऐन दुष्काळात पिशवी देऊन बाजारात धाडलं. १२ मेला मुंबई महापालिकेने एक कोटी डोसांसाठी जागतिक निविदा काढली. मुदत वाढवली, पुन्हा वाढवली. नऊ प्रस्ताव आले, बहुतेक रशियाच्या स्पुतनिकचे. पण भारतात स्पुतनिकचं काम डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजकडे होतं. प्रस्ताव देणारे सगळे मधले. उत्पादकाशी नेमका काय करार आहे, माल किती दिवसांत येणार, याचे कागद एकालाही दाखवता आले नाहीत. जूनच्या सुरुवातीला पालिकेने सगळे प्रस्ताव फेटाळले. राज्याच्या जागतिक निविदेतूनही काही हाती लागलं नाही. पंजाबला मॉडर्नाने, दिल्लीला फायझरने कळवून टाकलं, की आम्ही फक्त केंद्र सरकारशी बोलतो. देशातल्या श्रीमंतातल्या श्रीमंत महापालिकेला पैसे हातात असून लस मिळत नव्हती.

पालिकेने कागद मागून प्रस्ताव फेटाळले म्हणून तिच्यावर टीका झाली, घाई करायला हवी होती असं लोक म्हणाले. मला मात्र त्या अधिकाऱ्यांचा आदर वाटतो. त्याच दिवसांत, ३० मेला, कांदिवलीच्या एका गृहसंकुलात कोणीतरी शिबिर भरवलं, माणशी १,२६० रुपये घेतले आणि ३९० जणांना टोचलं. नंतर उघड झालं की ते बनावट शिबिर होतं. कुपी कोणाच्या हातून आली हे न विचारण्याची ती किंमत. पोलिओच्या थेंबांतही २०१८मध्ये गाझियाबादच्या एका कंपनीच्या लसीत नको तो टाइप २ विषाणू सापडला होता. ती लस महाराष्ट्रातही आली होती आणि बॅच नंबरांवरूनच ती परत गोळा करता आली.

३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने तरुणांसाठीचं हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक ठरवलं. ७ जूनला पंतप्रधानांनी खरेदी पुन्हा केंद्राकडे घेतल्याचं जाहीर केलं आणि २१ जूनपासून ती अमलात आली. आमच्याकडे कुप्या नियमित येऊ लागल्या. त्या पन्नास दिवसांत खेड्यातल्या पोरांनी काय सोसलं ते मी पाहिलं आहे: मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून ओटीपीची वाट बघणारी पोरं, आणि त्यांच्याच गावच्या केंद्रावर शहरातून गाडी करून आलेली, आधी नोंदणी मिळालेली मंडळी. शहरातल्यांवर माझा राग नाही; त्यांनाही जीव वाचवायचा होता.

आणि परळ? १५ एप्रिल २०२१ला केंद्राने हाफकिनला कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी दिली. वर्षाला २२ कोटी ८० लाख डोसांचा बेत, केंद्राचं ६५ कोटींचं अनुदान, राज्याचे ९४ कोटी. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली त्या दिवशी मी केंद्रात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती. एका खोलीत, एका कारकुनासह, तीन महिन्यांत जगातली पहिली प्लेगची लस काढणारी ही संस्था. पण जिवंत विषाणू हाताळणारा बंदिस्त कारखाना तहान लागल्यावर खोदायची विहीर नव्हे. साथ ओसरली तरी परळहून कोव्हॅक्सिनची एकही कुपी आमच्या आयएलआरमध्ये आली नाही. 'उत्पादक' या रकान्यात मी शेवटपर्यंत दोनच नावं लिहिली, पुणे आणि हैदराबाद. दोन्ही लसींनी आमची माणसं वाचवली. पण दोनच नावं असणं हा धोका आहे, आणि त्यांतलं एकही नाव लोकांच्या मालकीचं नसणं हा त्याहून मोठा.

हाफकिनला हवं आहे ते असं: मूळ लस वाढवणारा एक तरी चालता विभाग, वर्षभर काम करणारे पक्के शास्त्रज्ञ, आणि साथ नसतानाही राज्याने ठरलेल्या भावाने घेतलेला ठरलेला माल, म्हणजे यंत्रं थंड पडणार नाहीत. एवढ्याला लागणारा पैसा साडेसहा हजार कोटींच्या त्या चेकपुढे फार थोडा आहे. तुमच्या आमदाराला एकच गोष्ट विचारा: या वर्षी परळला कोणत्या लसीचे किती डोस तयार झाले? उत्तर आकड्यात मागा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.